निरंक

सोमवारी परिपत्रक आलं, वर लाल शाईत ‘तात्काळ’.
पुढच्या तीन वर्षांत कोण कोण निवृत्त होणार,
त्यांच्या जागी कोण तयार आहे,
तयार नसल्यास तयार करण्याचा आराखडा.
नमुना ब, सात रकाने, दोन प्रतींत.

मी कनिष्ठ अभियंता. नोकरी चौदा महिने,
प्रभार तीन शाखांचा.
एका खुर्चीवर मी बसते, दोहोंवर फायली.
पहिलं नाव लिहिलं: सोविंदा नेवारे, कालवा निरीक्षक,
निवृत्ती एकतीस ऑक्टोबर.
म्हणजे याच शुक्रवारी.
बडे बाबू चष्म्यावरून म्हणाले,
‘सातव्या रकान्यात निरंक टाका, मॅडम.
ते पद आकृतीबंधातच नाही आता.
माणूस आहे तोवर पद,
माणूस गेला की व्यपगत.’

मंगळवारी सोविंदा प्रभार द्यायला बसला.
टेप, तीस मीटरचा, सुरुवातीचे दोन मीटर तुटलेले.
(मोजताना दोन वजा करायचे, हे तोंडी.)
टॉर्च, सेल सोडून.
पाणीपाळी रजिस्टर तीन, एकाला उधई.
चाव्या चार.
तिघींची कुलपं सांगितली. चौथी?
‘मले लांजेवारनं देली होती, चौऱ्याण्णव साली.
थ्याले बी मालूम नोहोतं.
तुमी फक्त पुढं द्या.’
मी लिहिलं: चावी, एक. उपयोग: अज्ञात.
खाली दोघांच्या सह्या.

जे यादीत नव्हतं ते दाखवायला
बुधवारी तो मला मामा तलावाच्या पाळीवर घेऊन गेला,
माझी स्कूटी त्याच्या सायकलच्या वेगाने.
इथे खेकड्यांनी पोखरलंय, पौषात माती टाका.
हे गेट चौदा आटे उघडतं,
पण तेराव्यावर थांबून काठीनं दांडा ठोकायचा,
नाहीतर मग आठ दिवस वेल्डरच्या मागे फिरा.
पाणी आधी खैरीला, मग डोंगरटोल्याला.
कागदावर उलटं आहे;
कागद झाला त्या दिवशी खैरीवाले लग्नाला गेले होते.
टेलला कचराबाई शेंडे.
तिचा फोन आला नाही तर समजायचं, पाणी पोचलं.
आला तर आधी सगळं ऐकून घ्यायचं,
शिव्यांसकट.

मी मोबाईलमध्ये टिपत गेले.
‘हे कुणाला शिकवलं नाही?’
तो खर्रा घोटत होता, घोटून झाल्यावर बोलला.
‘शिकवलं ना. कंत्राटातले तीन पोट्टे.
एक पुण्याले गेला.
एक तलाठ्याची परीक्षा पास झाला, पेढे घेऊन आल्ता.
तिसरा हुशार होता,
थ्याचा ठेकेदारच बदलला.’

शुक्रवारी शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ.
साहेबांनी भाषणात त्याला गोविंदा म्हटलं, दोनदा.
त्याने दोन्ही वेळा हात जोडले.
समोसे कमी पडले.
संध्याकाळी नमुना ब काढून बसले.
निरंक लिहिलं. खोडलं.
तिथे माझं नाव लिहिलं.
मग वरच्या ओळी वाचताना लक्षात आलं,
तीन वर्षांत मीही इथे नसणार,
आणि माझ्यासाठी असा रकाना कुणी आखलेला नाही.
तसंच पाठवून दिलं.

सोमवारी भारी धानाला शेवटची पाळी.
सकाळी सहाला गेटवर मी, धुकं आणि पाना.
पाळीच्या खाली, पायवाटेवर, सोविंदा.
‘सहज आलो, बाई.’
हात पाठीमागे, एकाने दुसरा धरून ठेवलेला.
या दांड्याला हात लावायचा अधिकार आता नाही,
हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसेल.
दहा. अकरा.
बारा जड गेला.
तेरा.
चौदाव्यासाठी मी अंग टाकलं,
तेव्हा खाली तो खाकरला,
थंडीने घसा धरल्यासारखा.

मी थांबले. काठी शोधली.

दुपारी चारपर्यंत
कचराबाईचा फोन आला नाही.